गौरीच्या आधी एकदा बघून सांगा

गांधी बाजारात मी समोरून येताना दिसलो की काही म्हातारे रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला जात. त्यांचं माझं वैर नव्हतं. त्यातले कितीतरी माझ्या वडिलांच्या ओळखीचे, आमच्या घरी जेवून गेलेले. पण मी बसवनगुडीतल्या कचेरीत जन्ममृत्यूच्या खिडकीवर बसत होतो, आणि सकाळी सकाळी माझं तोंड बघणं त्यांना नको असे. माझ्या लग्नात सासऱ्यांनी पाहुण्यांना ‘जावई सरकारी कचेरीत आहेत’ एवढंच सांगितलं होतं. कोणी खोदून विचारलंच तर ‘जन्माचं खातं बघतात’ म्हणायचे. अर्धं खरं होतं, म्हणून मीही दुरुस्ती केली नाही.

ते म्हातारे एकेक करून माझ्या वहीत आलेच. रस्ता ओलांडून कोणी सुटलं नाही. निवृत्त होऊन आता मीही त्यांच्या वयाचा झालोय, आणि त्या कचेरीसमोरून जाताना मला उगीच पलीकडच्या बाजूने जावंसं वाटतं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी मरणाबद्दल लिहिणार म्हटल्यावर माझी बायको कमल म्हणाली, सणासुदीला हे काय. मग थोड्या वेळाने म्हणाली, अंबाक्कांचं लिहिणार असाल तर लिहा.

आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडं कानडी मुलखात आलं ते इथंच राहिलं. घरात मराठी, दारात कानडी आणि कचेरीत इंग्रजी, असा माझा दिवस जाई. त्यामुळे मराठी माणसाच्या घरात कोणी वारलं की तो माझ्याच खिडकीशी येई. रडायला आपली भाषा लागते, आणि पलीकडे बसलेल्या कारकुनाला ती कळत असली तर माणसाला बरं वाटतं.

काम सांगायला सोपं होतं. घरात कोणी गेलं की कर्त्या माणसाने येऊन खबर द्यायची. मी नाव, वय, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, राहायची जागा आणि आजार विचारून वहीत लिहायचो आणि एक चिठ्ठी द्यायचो. ती बघितल्याशिवाय स्मशानातला माणूस लाकडं काढून देत नसे. इस्पितळं आणि छत्रं, म्हणजे आमच्याकडच्या धर्मशाळा, आपापली खबर वेगळी पाठवत. मग कधीतरी वर्षांनी कोणाला तरी त्या नोंदीचा उतारा लागे. कोणाला पेन्शनीसाठी, कोणाला घर नावावर करायला. तेव्हा खरं काम सुरू होई, ते म्हणजे शोधायचं.

कारण आपल्या लोकांना तारीख ठाऊक नसे, तिथी ठाऊक असे. ‘आमचे वडील श्रावण वद्य पंचमीला गेले’ एवढं सांगून माणूस निवांत उभा राही. मी जुनी पंचांगं एका फडक्यात बांधून टेबलाखाली ठेवली होती. त्यावरून तारीख काढायची आणि पान उघडायचं. त्यातही एक गोम होती. आपला दिवस सूर्याबरोबर उगवतो आणि सरकारचा मध्यरात्री. पहाटेच्या अंधारात गेलेला माणूस घरच्यांच्या लेखी सोमवारी गेलेला असतो आणि आमच्या वहीत मंगळवारी. नवे कारकून सोमवारचं पान बघून नोंद नाही म्हणून बिचाऱ्यांना परत पाठवत. माझा नियम असा होता, की पुढचं पान बघितल्याशिवाय कोणालाही ‘नाही’ म्हणायचं नाही.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एक निवृत्त पोस्टमास्तर नीट कोट-टोपी घालून आले आणि स्वतःच्याच मरणाची नोंद करून ठेवा म्हणाले. मुलांना आजोबांचं नावसुद्धा येत नाही, उद्या काहीतरी भलतंच लिहून देतील, अशी त्यांची तक्रार होती. मी म्हटलं, आधी मरावं लागतं, तसा नियम आहे. त्यांनी थोडा विचार केला, ‘सरी’, म्हणजे आमच्याकडचं ‘बरं’, ‘मग नंतर येतो’ म्हणाले आणि छत्री उचलून गेले.

पण माझ्या खिडकीला जिच्यामुळे मान मिळाला ती अंबाक्का. तिचं सांगायचं तर आधी तिच्या दिराचं सांगायला हवं.

गुंडूराव मास्तर हायस्कुलात गणित शिकवत. बोलणं मोजकं, धोतर इस्त्रीचं. एका सकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, मला भावाच्या मृत्यूचा दाखला पाहिजे. केव्हा वारले म्हणून मी विचारलं तर म्हणाले, तेच माहीत नाही. त्यांचे थोरले भाऊ नरहरराव छापखान्यात खिळे जुळवायचं काम करत. युद्ध संपत आलं त्या सुमाराला ते ‘तिरुपतीला जाऊन येतो’ म्हणून घरातून निघाले ते परत आलेच नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. त्याला बारा वर्षं झाली होती. आपल्या शास्त्रात बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मास्तरांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती. पोरगा कुठं मेला असेल तर पाण्याविना तळमळत असेल, त्याला वाट लावा, असं ती दिवसरात्र म्हणे. नरहररावांची बायको मात्र पुतळ्याला तयार नव्हती. तो जळला की तिला कुंकू पुसावं लागणार होतं. सरकारी कागद दाखवल्यावर तरी ऐकेल, असा मास्तरांचा हिशेब होता.

मी म्हटलं, मास्तर, वहीत असेल त्याचाच उतारा मी देतो. नसेल ते कुठून देऊ? हवं तर कोर्टात जा. ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली. उंच, सावळी, अंगावर साधं इलकल लुगडं आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मरणाच्या खिडकीशी बायका फारशा येत नसत, आणि आल्या तरी अशा येत नसत. रांगेतल्या पुरुषांनी आपण होऊन तिला पुढं जायला वाट दिली.

“काल भावोजींना तुम्ही नाही म्हणालात म्हणे,” ती म्हणाली.

मी म्हटलं, होय, नोंदीशिवाय दाखला देता येत नाही.

“मग नोंद आहे का, ते बघितलंत का?”

बघितलं नव्हतं. बारा वर्षांच्या वह्या काढायच्या म्हणजे धूळ खायची. पण तिने खिडकीचा गज असा धरला होता की जागचं हलायचं तिचं लक्षण दिसेना. मी कपाट उघडलं. दुपारपर्यंत मी पानं उलटत होतो आणि ती उभी होती. एकदाही तिने वहीकडे पाहिलं नाही, समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. शेवटी मी म्हटलं, अक्का, नाव नाही. तिने श्वास सोडला आणि ‘सरी’ म्हणाली. मी तिला समजावून सांगितलं, की ह्या वह्या फक्त आपल्या भागातल्या. माणूस मद्रासला गेला असेल, काशीला गेला असेल, तिथलं मला इथं बसून कळायचं नाही.

“तेवढं मला कळतं की,” ती म्हणाली. “पण ते कुठंही गेले तरी शेवटाला इथंच येतील. मला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे.”

मग दिरात आणि भावजयीत करार झाला. वर्षातून एकदा वही बघायची. नाव निघालं तर कुंकू ती स्वतःच्या हाताने पुसणार. नाही निघालं तर पुतळ्याचं नाव काढायचं नाही. आणि बघायचं केव्हा, तर गौरीच्या आधी. भाद्रपदात गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे गौर बसते. त्या दिवशी सवाष्णी एकमेकींना दोन सुपांत हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, खण, नारळ असं भरून देतात, त्याला बागिन म्हणतात. विधवेला ते देताही येत नाही आणि घेताही येत नाही. यंदा आपण गौरीला बसायचं की नाही, एवढंच अंबाक्काला माझ्याकडून पाहिजे होतं.

कराराच्या दिवशी मास्तरांनी गणिताच्या मास्तराला शोभेल अशी हरकत घेतली होती. कचेरीच्या वहीत नाव नाही, यावरून दादा जिवंत आहे असं सिद्ध होत नाही, असं ते म्हणाले.

“नाहीत असंही होत नाही ना, भावोजी?” अंबाक्काने विचारलं.

हे मास्तरांनीच मला पुढे सांगितलं. तो प्रश्न त्यांना बरीच वर्षं टोचत राहिला.

तेव्हापासून श्रावण सरत आला की ती खिडकीशी हजर. ‘अण्णा, गौर आली. एकदा बघून सांगा.’ खरं तर बघायची गरज नसे. वर्षभराच्या नोंदी मीच लिहिलेल्या, आणि नरहररावांचं नाव आलं असतं तर माझा टाक तिथंच अडला असता. एकदा तसं मी म्हणूनही बघितलं. ती म्हणाली, तोंडी नको, उघडून बघा. मग मी दरवर्षी वही उघडून पान पान उलटू लागलो. शेवटाला ती विचारी, पुढचं पान बघितलंत? माझा नियम तिला कुठून कळला कोण जाणे. मी बघितलं म्हटलं की ‘सरी’ म्हणून ती तडक बाजाराकडे वळायची, सुपं आणि बांगड्या घ्यायला.

आमच्या खात्यात ‘नाही’ म्हटलं की लोक चिडायचे, वाद घालायचे, वरच्या साहेबाकडे जायचे. ‘नाही’ ऐकून आनंदाने जाणारी ती एकटीच होती. तिला ते सांगताना मला फार बरं वाटायचं.

दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी तिने मला लग्न झालंय का विचारलं आणि गौरीच्या दिवशी कमलसाठी बागिन घेऊन घरी आली. माझ्या आईला ते पसंत पडलं नाही. नवऱ्याचा पत्ता नाही, तिच्या हातचं बागिन घ्यावं का, असं तिने आत जाऊन हळूच विचारलं. कमल नवी सून, पण म्हणाली, ह्यांनी कचेरीत बघितलंय ना? मग झालं की. तिने पदर पुढं करून बागिन घेतलं. ही गोष्ट आमच्या आळीत पसरली, आणि मग जिच्या तिच्या घरी हळदकुंकवाला अंबाक्काला बोलवायचं का अशी चर्चा निघाली की ‘अण्णांनी बघितलंय’ हे उत्तर ठरून गेलं. ज्यांच्या नवऱ्यांना रस्त्यात माझं तोंड बघायला नको होतं, त्यांच्या बायका माझ्या शब्दावर गौरीची आमंत्रणं करत होत्या. मला ह्याचा थोडा गर्व झाला होता, हे कबूल करतो.

आणि मग एका वर्षी गौर जवळ आली असताना छत्रातून एक चिठ्ठी आली. नरहरी, वय पन्नाशीपुढचं, ताप. बापाचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. बेवारशी म्हणून दहन झालेलं. माझा टाक खरोखरच अडला.

छत्राच्या रखवालदाराला मी स्वतः जाऊन विचारलं. तो म्हणाला, माणूस थोडं कानडी, थोडं मराठी बोलत होता, एकटाच होता, आला तेव्हाच तापाने फणफणलेला होता. उंची विचारली तर म्हणाला, निजलेल्या माणसाची उंची काय सांगू. मी तसाच परत आलो. नोंद लिहिली. बापाचं नाव नसलं की ती नोंद कोणाच्याही गळ्यात बांधता येत नाही, असा कायदा मला सांगता आला असता. पण अंबाक्का आली तेव्हा मी कायदा सांगितला नाही. चिठ्ठीत होतं तेवढं वाचून दाखवलं.

तिने गज धरला नाही. हात पदराखाली घेतले. म्हणाली, “म्हणजे तुम्हाला आहेही म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही.”

मी म्हटलं, होय.

त्या वर्षी ती गौरीला बसली नाही. कुंकूही पुसलं नाही. कोणाच्या घरी गेली नाही आणि कोणाला बागिन पाठवलं नाही. मास्तरांची आई तोवर वारली होती. पुतळा करायला, वहिनीला करार दाखवायला मास्तरांना हीच वेळ होती. पण ते माझ्याकडे आले, चिठ्ठी स्वतः वाचली आणि म्हणाले, ह्यावरून काही सिद्ध होत नाही. एवढंच बोलून गेले.

गणपती विसर्जन होऊन थोडे दिवस झाले असतील. कोलारकडचा एक तरुण शेतकरी बापाचा शोध घेत छत्रात पोचला आणि तिथून माझ्या खिडकीशी आला. बापाचं नाव नरहरी. घरून भांडून निघाले होते. छत्रात ठेवलेल्या गाठोड्यातली पितळी पानाची डबी आणि घोंगडी त्याने ओळखली आणि माझ्यासमोर तो लहान पोरासारखा रडला. मी त्याला पाणी दिलं, त्याच्या आजोबांचं आणि गावाचं नाव नोंदीत भरून घेतलं, उतारा करून दिला. तो जाताच कचेरी शिपायावर सोपवून मी धावत अंबाक्काचं घर गाठलं. त्या पोराचं दुःख डोळ्यांनी बघून आलेलो मी, आणि पाय मात्र आनंदाने उचलत होते. त्याची तेव्हा लाजही वाटली नाही.

ती मागच्या दारी तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे माझी यंदाची गौर फुकट गेली की.”

मी हसलो. तीही हसली. मग सूप बाजूला ठेवून तिने विचारलं, “त्यांच्या बायकोला कळलं का?”

मी म्हटलं, मुलगा आज घरी पोचेल.

“म्हणजे कळायच्या आधीच गौर तर झाली तिची,” ती म्हणाली, आणि तिथंच जमिनीवर बसली. बराच वेळ तिने तांदळाला हात लावला नाही. नवऱ्यासाठी तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी कोलारकडच्या न पाहिलेल्या बाईसाठी ती रडली.

त्यानंतर पुन्हा सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. श्रावण, खिडकी, वही, सरी, बाजार. आमच्या दोन्ही मुलींची नावं मी माझ्याच हाताने जन्माच्या वहीत लिहिली. त्यांच्या बारशाला तिने कमलची ओटी भरली. अंबाक्काचे केस पांढरे झाले. कुंकू मात्र तेवढंच होतं.

साठ साल उलटून काही वर्षं झाली होती. श्रावण नुकताच लागला होता. सकाळी कचेरी उघडली तर खिडकीशी गुंडूराव मास्तर उभे. पहिल्यांदाच त्यांच्या धोतराला इस्त्री नव्हती. “वैनी गेल्या,” ते म्हणाले. “पहाटे. झोपेतच.”

मी वही पुढं ओढली, पण त्यांनी हात वर केला. घरात भटजी येऊन बसले होते आणि बायकांत कुजबुज सुरू झाली होती. सवाष्ण असेल तर नवं लुगडं, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, ओटी. नसेल तर ह्यातलं काहीच नाही. कोणी स्पष्ट बोलत नव्हतं, पण अंबाक्काच्या अंगाला हात लावायला कोणी पुढंही येत नव्हतं. बारा वर्षांचं शास्त्र भटजींना पाठ होतं. सगळे मास्तरांकडे बघत होते, आणि मास्तर उठून माझ्याकडे आले होते.

“एकदा बघून सांगा,” ते म्हणाले.

मी म्हटलं, मास्तर, गेल्या गौरीनंतर तसं नाव आलेलं नाही, मला माहीत आहे.

“तोंडी नको, अण्णा. त्यांना तोंडी चालत नसे. उघडून बघा.”

मी गेल्या भाद्रपदापासूनचं पान पान उलटलं. मास्तर गज धरून समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहिले. मागे रांग वाढली, पण कोणी कुरकुर केली नाही. कालच्या पानापर्यंत आलो आणि म्हटलं, नाही.

“पुढचं पान?”

पुढचं पान आजचं होतं. ते कोरं होतं. मी ते उलटून त्यांच्याकडे फिरवून दाखवलं.

“सरी,” मास्तर म्हणाले. “मग त्यावर वैनींचं नाव लिहा. नरहररावांची पत्नी.”

बाईच्या नावापुढे कोणाची पत्नी की कोणाची विधवा हे आम्हाला लिहावं लागे. मी पत्नी असं लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं. चिठ्ठी फाडून त्यांच्या हातात दिली, तेव्हा ते म्हणाले, बांगड्या कुठं मिळतात ते मला माहीत नाही. घरातल्या कोणी एवढा वेळ बाजारात जायचं धाडस केलं नव्हतं. मी रांगेतल्या लोकांची माफी मागितली, खिडकी लावून घेतली आणि त्यांच्याबरोबर निघालो.

गांधी बाजारात बांगडीवाली नुकतीच टोपली मांडत होती. मास्तरांनी हिरव्या बांगड्या मागितल्या. तिने माप विचारलं. गणिताच्या मास्तरांना ते सांगता येईना. स्वतःच्या बोटांचं कडं करून बघितलं, ते लहान केलं, मोठं केलं आणि शेवटी म्हणाले, अंबाक्कांसाठी.

“मग आधीच सांगायचं की,” ती कानडीत म्हणाली. “त्यांचं माप मला पाठ आहे.” तिने टोपलीतून हिरवा जुडगा काढला आणि बांगड्या मोजता मोजता विचारलं, “गौरीला अजून वेळ आहे. ह्या वर्षी इतक्या लवकर?”

“होय,” मास्तर म्हणाले. “ह्या वर्षी लवकर.”

त्यांनी बांगड्या पंच्याच्या टोकात नीट गुंडाळून घेतल्या आणि फुटू नयेत म्हणून छातीशी धरल्या. मग आम्ही घराकडे निघालो.